‘मी मारलं’ म्हणणारा मल्लाप्पा

साहेबांनी मल्लाप्पाची ओळख करून दिली तेव्हा फार जपून शब्द वापरले होते. आम्ही सगळे दप्तरखान्यातल्या लांब टेबलाभोवती उभे होतो. साहेब म्हणाले, हे मल्लाप्पा, आजपासून डागडुजीच्या खोलीत काम करतील. पुस्तकबांधणीत यांचा हात फार चांगला आहे. पूर्वी यांच्या हातून एक दुर्दैवी घटना घडली होती, पण ते सगळं आता मागं पडलंय. मल्लाप्पा शेजारीच हात बांधून उभा होता. उंच, हाडापेरानं रुंद, बारीक कापलेले पांढुरके केस, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. साहेबांचं बोलणं संपल्यावर त्यानं घसा साफ केला.

“घटना न्हाय साहेब, खून,” तो म्हणाला. “आनि हातून घडला न्हाय. मी केला. चुलतभावाचा.”

नव्या माणसासाठी चहा मागवलेला होता, तो आला. कुणीच कपाला हात लावला नाही. मल्लाप्पानं आपला कप संपवला, बाहेर नळावर नेऊन धुतला आणि खिडकीत पालथा घालून ठेवला. पुढं कित्येक महिने तो कप त्या खिडकीतच राहिला. इतर कपांबरोबर तो ठेवायला शिपाई तयार नव्हता.

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी कोल्हापुरातल्या त्या सरकारी दप्तरखान्यात मोडीची नक्कल करायला होते. संस्थानच्या काळचे कागद लाल कापडाच्या गाठोड्यांत बांधून ठेवलेले असत. त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणायचो. त्यांतले फौजदारी खटल्यांचे रुमाल सगळ्यांत वाईट अवस्थेत होते. छतातून गळलेल्या पाण्यानं पानं एकमेकांना चिकटली होती आणि कसरीनं त्यांची चाळण केली होती. हे रुमाल एकेक सोडवून पानं दुरुस्त करायची, मग मी ती वाचून देवनागरीत स्वच्छ नक्कल करायची, म्हणजे मूळ कागदाला पुन्हा कुणाचा हात लागायला नको, असं काम ठरलं होतं. आमची बांधणीची कामं पूर्वी तुरुंगातल्या कारखान्यात जात. तिथून बांधून आलेल्या वह्या पाहून साहेबांनी विचारलं होतं की हा हात कुणाचा. तो माणूस शिक्षा संपवून कळंब्याच्या तुरुंगातून सुटला, तेव्हा साहेबांनी त्याला रोजंदारीवर बोलावून घेतलं. त्यामुळं एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना, मी आणि मल्लाप्पा बसू लागलो.

पहिले काही दिवस मी दार उघडं ठेवून बसायची. मल्लाप्पाला ते कळत होतं. त्यानं स्वतःहून आपली बैठक खिडकीकडच्या कोपऱ्यात नेली, म्हणजे दार माझ्या जवळ राहील. तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावचा, घरात कानडी बोलणारा, म्हणून वयानं कितीतरी मोठा असूनही मला आक्का म्हणायचा. मी त्याला अण्णा म्हणायला लागले ते बरंच नंतर.

त्याच्या हातात चामडं कापायची रापी असली की बघणारा दोन पावलं मागं सरायचा. इतक्या सहज तो ती फिरवायचा. आणि त्याच हातानं तो मैद्याच्या खळीत मोरचूद घालून ढवळायचा, झिरझिरीत कागदाचा तुकडा पानाच्या भोकावर ठेवायचा आणि बोटाच्या पेरानं असा दाबायचा की जोड कुठं आहे ते उजेडात धरल्याशिवाय दिसू नये. कामात तो बोलत नसे. बोललाच तर कागदाशी, कानडीत, हलक्या आवाजात.

त्याचा राग मी एकदाच पाहिला, आणि तो पुरेसा होता. जमिनीच्या भांडणांसाठी जुन्या कागदांच्या नकला मिळवून देणारा एक दलाल आमच्याकडं यायचा. एक दिवस तो घुसला तो थेट आमच्या खोलीत. आपल्या अशिलाला नको असलेलं पान ओल्या अवस्थेत टेबलावर पडलेलं त्याला दिसलं, आणि नुसतं बघतो म्हणत त्यानं ते चिमटीत धरून ओढलं. पान फाटलं. मल्लाप्पा कधी उठला ते मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की दलाल लोखंडी कपाटाला टेकलेला आहे, त्याचे पाय जमिनीपासून सुटलेले आहेत आणि चेहरा काळानिळा पडत चालला आहे. मल्लाप्पाच्या एका हाताची बोटं त्याच्या गळ्यात रुतली होती. मी ओरडले की नाही आठवत नाही. मल्लाप्पानं हात काढला आणि तो माणूस खाली कोसळून खोकू लागला. मल्लाप्पा स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. मग सरळ साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, मी त्या माणसाचा गळा धरला, अजून थोडा वेळ धरला असता तर तो मेला असता, माझं काय करायचं ते करा. साहेबांनी त्याला पान फाटल्याचं विचारलं. त्यावर तो म्हणाला, “पान त्यानं फाडलं. गळा मी धरला. दोनी येगळं लिवा.”

फौजदारीचे रुमाल सुटत गेले तसतसे मी वाचत गेले. त्या कागदांत मारामाऱ्याच मारामाऱ्या होत्या. कुऱ्हाडीनं फोडलेली डोकी, विहिरीत ढकललेल्या सुना, पेटवलेली खोपटं, आरोपीला कबुलीसाठी दिलेले फटके आणि त्यांचा हिशेब. दिवसभर ते लिहून घरी गेले की मला जेवण जात नसे. मल्लाप्पाला मोडी वाचता येत नव्हती. दुरुस्त केलेलं पान माझ्याकडं देताना तो विचारायचा, काय म्हनतंय ह्ये? मी वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा. काही महिन्यांनी तो म्हणाला, “आक्का, ह्यात कुनीच मारत न्हाय. बघा की. ‘कुऱ्हाड बसली.’ ‘मार लागला.’ ‘बाई आडात पडली.’ समदं आपोआप हुतंय.”

मी तेवढी पानं नकलून काढली होती, पण ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर मात्र प्रत्येक जबाब वाचताना आम्ही दोघंही कान देऊन असायचो. कोण म्हणतोय मी मारलं? कुणीच नाही.

अशाच एका जबाबानंतर त्यानं मला आपली हकिकत सांगितली. मी विचारलं नव्हतं.

त्याचा आणि चुलतभाऊ शंकरचा ऊस शेजारी-शेजारी. विहीर सामाईक, मोटर एकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मल्लाप्पाच्या पाळीला शंकरनं पाट फोडून पाणी आपल्या उसात घेतलं. मल्लाप्पा खोरं घेऊन गेला. शिव्या झाल्या. शंकरनं त्याच्या आईवरून काहीतरी म्हटलं आणि मल्लाप्पानं खोरं त्याच्या डोक्यात घातलं.

“पडला. आनि पडल्यावर मी परत मारलं,” तो म्हणाला. “पयला घाव रागानं गेला म्हनता येतंय, आक्का. दुसरा कशानं गेला?”

खोरं पाटात धुऊन तो घरी गेला. वडिलांनी वकील गाठला. मल्लाप्पा त्या दिवशी नृसिंहवाडीला देवदर्शनाला गेला होता, असं सांगायचं ठरलं. वडिलांनी तशी शपथही घेतली. मग पोलिसांनी तुकाला उचललं. तुका त्यांचाच सालगडी. शंकर मेला त्या वेळी तो शेतातल्या खोपीत झोपलेला होता एवढाच त्याचा संबंध. घरच्यांनी मल्लाप्पाच्याच हाती तुकासाठी भाकरीचा डबा देऊन त्याला चौकीवर पाठवलं. आत तुकाला मारत होते.

“त्यो वरडत हुता, मी न्हाय केलं, मी न्हाय केलं. मी भाईर बाकड्यावर बसलो हुतो. डबा मांडीवर.”

किती वेळ बसलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, “लई येळ.”

मग हाड मोडल्याचा आवाज आला. तुकाचा गुडघा. तेव्हा मल्लाप्पा डबा बाकावर ठेवून आत गेला आणि म्हणाला, मी मारलं. त्यांना आधी खरंच वाटेना. तुका पुढं आयुष्यभर काठी घेऊन चालला. तुरुंगात गेल्यावर मल्लाप्पानं आपल्या वाटणीचं रान तुकाच्या नावावर करून दिलं, त्यावरून वडिलांनी त्याचं नाव टाकलं, आणि ते गेले तेव्हा त्याला कळवलंही नाही. हे सगळं त्यानं खळ ढवळत सांगितलं. सांगून झाल्यावर पुढचं पान उचललं.

शोधत होतो तो जबाब एका पावसाळ्यात सापडला. एका कुंभारानं सावत्र भावाला मारल्याचा खटला होता. पान इतकं कुजलेलं की मल्लाप्पाला ते गाठोड्यापासून सोडवायलाच कित्येक दिवस लागले. मी वाचलं: “म्यां मारिला. दुसऱ्या कोणाचा यांत संबंध नाही.” त्यानं मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, त्याचं पुढं काय केलं. फाशी दिली, मी म्हटलं. मागच्या पानावर तसा शेरा होता. मल्लाप्पानं पानाची दुमडलेली कड काचेवर सरळ केली. नंतर तो म्हणाला की ह्या पानाला घाई करायची नाही, हे सावकाश करू.

ते पान काचेवर ओलं पसरलेलं असतानाच शंकरचा मुलगा, प्रकाश, आला.

दुपारी जेवणाची सुटी नुकतीच संपली होती. दारात एक तरुण उभा राहिला. विशीतला, उन्हानं रापलेला, खांद्याला खताची रिकामी पिशवी. मला वाटलं नक्कल मागायला आलाय, म्हणून मी त्याला बाहेरच्या टेबलाकडं जायला सांगितलं. तो गेला नाही. त्यानं विचारलं, “मल्लाप्पा कोन?”

मल्लाप्पानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी भीती म्हणणार नाही. तो हळूहळू उभा राहिला.

“मी,” तो म्हणाला. “तू शंकरचा न्हवं?”

पिशवीतून ऊस तोडायचा कोयता निघाला. पहिला घाव डोक्यावर येत होता. मल्लाप्पानं उजवा हात आडवा घातला. बोटं तुटून टेबलावर पडली. दुसरा घाव खांद्यात बसला आणि रुतला. टेबलाच्या कडेला रापी होती. मल्लाप्पाचा डावा हात तिच्याकडं गेला, आणि मी डोळे मिटून घेणार तेवढ्यात त्या हातानं रापी फटकन खाली उडवून लावली. ती घरंगळत कपाटाखाली गेली. मग तो तसाच पुढं झाला, प्रकाशला दोन्ही बाहूंत आवळलं आणि भिंतीशी दाबून धरलं. रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर, कागदांवर, माझ्या साडीवर उडत होत्या. प्रकाश त्याला चावत होता, गुडघे मारत होता आणि एकच वाक्य ओरडत होता, माझ्या बापाला मारलंस, माझ्या बापाला मारलंस.

“व्हय,” मल्लाप्पा त्याच्या कानाशी म्हणत होता. “मी मारलं. व्हय. मीच मारलं.”

माणसं धावत आली तेव्हा दोघांना सोडवणं अवघड गेलं. मल्लाप्पा शुद्धीवर नव्हता, तरी त्याच्या बाहूंची मिठी सुटत नव्हती.

त्याचा जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एवढंच राहिलं. दवाखान्यात जबाब घ्यायला पोलीस यायच्या आधी आमच्यातल्या बहुतेकांनी त्याला सुचवून पाहिलं. पोरगं लहान आहे, बापाच्या सूडानं आंधळं झालं होतं. झटापटीत लागलं म्हणा, कुणी मारलं ते दिसलं नाही म्हणा. तुमचं जे व्हायचं ते झालंच आहे. साहेबही म्हणाले की निर्णय तुमचा, पण विचार करा. मल्लाप्पानं ऐकून घेतलं. पोलीस आल्यावर त्यानं सांगितलं, शंकरच्या मुलानं, प्रकाशनं, कोयत्यानं मारलं, दोनदा. मला विचारलं तेव्हा मीही जे पाहिलं तेच सांगितलं. प्रकाशवर खुनाच्या प्रयत्नाचा खटला भरला आणि त्याची रवानगी कळंब्याला झाली.

मल्लाप्पा कामावर परत आला त्याच आठवड्यात शंकरची बायको गंगव्वा आली. दप्तरखान्याच्या अंगणात ती उभी होती. किरकोळ अंगाची, कपाळावर विभूती, पायांत रानात घालायच्या जाड वहाणा. एवढ्या वर्षांत दोघं एकमेकांसमोर आले नव्हते. तो बाहेर आला, तिनं त्याच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडं पाहिलं.

“माझा नवरा नेलास,” ती म्हणाली. “आता पोरगं बी नेतोस व्हय? कोर्टात म्हन, मला वळखू आलं न्हाय. एवडंच म्हन.”

मल्लाप्पा तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. तिला वाटलं असावं की तो कबूल करतोय. तिचा चेहरा क्षणभर सैल झाला.

“वैनी, मी एकदा खोटं बोललो, तुक्याचा पाय गेला,” तो म्हणाला. “प्रकाशनं केलं त्ये त्याला म्हनू द्या, मी केलं म्हनून. न्हाय म्हनला तर जनमभर कोयता घिऊन फिरंल. मी म्हनायला उशीर केला. मला ठावं हाय काय हुतंय त्ये.”

गंगव्वानं वहाण काढली आणि त्याला मारायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, खांद्याच्या ताज्या टाक्यांवर. मी पुढं झाले तर त्यानं डावा हात वर करून मला थांबवलं. पट्टीतून रक्त झिरपू लागलं तरी ती मारत होती. दम संपला तेव्हा ती तिथंच फरशीवर बसली आणि धापा टाकत राहिली. दोघं समोरासमोर बसले होते, आणि अख्खं ऑफिस व्हरांड्यात उभं होतं. थोड्या वेळानं मल्लाप्पा म्हणाला, रानाला पाणी पाजायला आता कुणी नाही, मी रविवारी येत जातो. ती उठली, वहाण पायात घातली. माझ्या रानात पाऊल टाकलंस तर तुकडं करीन, असं म्हणून ती निघून गेली.

खटला उभा राहिला तेव्हा माझी साक्ष झाली, आणि मल्लाप्पानं तेच सांगितलं जे दवाखान्यात सांगितलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तो म्हणाला, “ह्याला सोडा म्हनत न्हाय. पन ह्याचा बाप मी मारला हाय. त्ये बी लिवा.” पिंजऱ्यात प्रकाश खाली मान घालून उभा होता. त्या वाक्याला त्यानं पहिल्यांदा मल्लाप्पाकडं पाहिलं. नंतर त्याला विचारलं तेव्हा त्याचा वकील मध्ये पडायच्या आत तो म्हणाला, होय, मी मारलं. शिक्षा झाली, पण लोकांना वाटली होती तेवढी मोठी झाली नाही.

पोलिसांनी खोलीतून जप्त केलेल्या वस्तूंत काचेवरचं ते कुंभाराचं पानही होतं. निकालानंतर ते लाखबंद पाकिटातून परत आलं. मधोमध मोठा तपकिरी डाग पडला होता. साहेबांनी विचारलं, निघेल का हा. मल्लाप्पा तोवर डाव्या हातानं काम करायला शिकला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट चिमट्यासारखं वापरायचा. त्यानं ओल्या कापसानं डागाची एक कड हलकेच टिपून पाहिली. कापसावर तपकिरी रंगाबरोबर थोडं काळंही आलं. तो लगेच थांबला. काजळीची शाई आहे, तो म्हणाला, डाग काढला तर अक्षर जाईल. त्यावर त्यानं झिरझिरीत कागद चढवला आणि पान माझ्याकडं दिलं. मी नक्कल करून खाली टीप लिहिली: मूळ पानावर डाग, मजकूर वाचता येतो. त्यानं ती मला वाचून दाखवायला लावली.

“कसला डाग त्ये लिवा की,” तो म्हणाला.

मी ‘रक्ताचा’ असं लिहिलं. तो वाट बघत होता. मग मी कुणाच्या रक्ताचा तेही लिहिलं, आणि कोयता कुणी मारला तेही. साहेबांनी त्या टिपेवर सही केली. सरकारी नकलेत अशी टीप मी पुन्हा कधी पाहिली नाही.

रविवारी तो गावी जाऊ लागला. पहिल्या रविवारी गंगव्वाच्या भावांनी त्याला दगड मारले. सोमवारी तो डोक्याला फडकं बांधून कामावर आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला, तेव्हा त्यांनी त्याला उसात ओढून नेऊन काठ्यांनी बडवलं. दोन बरगड्या मोडल्या. मी चिडून म्हटलं, अण्णा, ते तुम्हाला जिवंत ठेवणार नाहीत. तो म्हणाला, ऊस वाळायला लागलाय. बरगड्या सांधल्यावर परत गेला. मोटरीच्या खोलीला कुलूप असायचं, तेव्हा तो विहिरीतून घागरींनी पाणी काढून बांधापलीकडून पाटात ओतायचा. आपल्या रानात काठी टेकून बसलेला तुका ते बघत असायचा. एकदा तुकानं त्याला बोलावून आपल्या खोपीत जेवायला घातलं, हे मल्लाप्पानं मला दोनदा सांगितलं. मग एका रविवारी गंगव्वाच्या मोटरीच्या खोलीची किल्ली दाराबाहेर खिळ्याला लटकत होती. ती स्वतः कुठं दिसली नाही. मल्लाप्पानं मोटर चालू केली, सगळ्या सऱ्या भिजवल्या, किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि शेवटच्या गाडीनं कोल्हापूरला आला. तेव्हापासून किल्ली दर रविवारी तिथंच असायची. दगड मात्र अधूनमधून यायचे.

महिन्यातून एकदा तो कळंब्याला भेटीच्या वेळी जायचा. प्रकाश भेटायला यायचा नाही. मल्लाप्पा दारातल्या बाकावर बसून, वेळ संपली की परत यायचा.

प्रकाश सुटला तेव्हा मल्लाप्पानं गावी जाणं बंद केलं. आता घरात माणूस आहे, तो म्हणाला, मी कशाला. त्या काळात आमच्या दप्तरखान्यात संगणक आले होते आणि जुनी पानं यंत्राखाली धरून त्यांच्या प्रती निघू लागल्या होत्या. मल्लाप्पा आता पूर्ण पांढरा झाला होता. काम कमी झालं होतं, तरी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी त्याला ठेवलं होतं. अशा एका सकाळी दारात प्रकाश उभा राहिला. खांद्याला पिशवी होती. शिपायानं हातात स्टूल घेतलं. मी उठून मल्लाप्पाच्या पुढं झाले. प्रकाशनं पिशवी खाली ठेवली आणि रिकामे हात बाजूला धरले.

“आईनं इचारलंय,” तो जमिनीकडं बघत म्हणाला, “रविवारी येनार हाईसा की न्हाय?”

मल्लाप्पानं खुर्चीचा हात घट्ट धरला. “येतो,” तो म्हणाला.

थोड्याच महिन्यांत त्यानं काम सोडलं आणि तो गावीच राहायला गेला, तुकाच्या खोपीत. दोघं म्हातारे मिळून तुकाचं रान करायचे आणि मल्लाप्पा गंगव्वाच्या रानातही राबायचा. तो गेल्याचं प्रकाशनं मला फोनवरून कळवलं तेव्हा त्याला चार दिवस होऊन गेले होते. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी उठला नाही. मी गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून पुरलं होतं, रानाच्या कडेला. भावकीतलं कुणी आलं नव्हतं. खड्डा प्रकाशनं खणला होता, आणि त्याच्या तळहातांवरचे फोड अजून दिसत होते. मातीवरचं बेलाचं पान वाळून गुंडाळलं होतं.

प्रकाश मला घरी घेऊन गेला. गंगव्वा चुलीपुढं बसली होती. तिनं मला ओळखलं. कोर्टात मी काय सांगितलं तेही ती विसरली नसणार. बस म्हणाली. ती भाकरी थापत राहिली. मग माझ्याकडं न बघता बोलू लागली.

“लोक म्हनत्यात, गंगव्वानं माफ केलं. म्या न्हाय केलं. माझा नवरा मेला त्यो मेला. पन रानातनं आला की ताट वाढत हुते. बोलले न्हाय एकदा बी. ताट वाढलं.”

तिनं तव्यावरची भाकरी उचलली, निखाऱ्यावर फुगवली आणि माझ्यासमोर ताटात ठेवली.